सोडताना सावकाश

खांद्याला कुलूप बसलंय, म्हणाली नदाफांची आफरीन,
आणि दीड मीटर पिवळं रबर हातात दिलं.
दहा वेळा ओढायचं. तीन फेऱ्या. सकाळ-संध्याकाळ.

दहा?
पोरी, मला हजाराखाली मोजायची सवय नाही.
चाळीस वर्षं मांडीवर सूप,
पान कापायचं, चिमूट ठेवायची, वळायचं,
तोंड दुमडायचं, दोरा,
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस,
मग ब्रँचमध्ये चेकरच्या पुढ्यात मान खाली.
त्यानं छाट म्हणून मोडून टाकलेल्या विड्या
कुणी मोजल्या नाहीत. मी मोजल्या.

घरकुलातल्या खिडकीच्या गजाला रबर बांधलं.
कोपर बरगडीला चिकटलेलं हवं, म्हणून
मध्ये घडी केलेला टॉवेल. पडता कामा नये.
टॉवेल आमच्या ह्यांच्याच मागावरचा,
शेवटच्या आठवड्यातला; कडेला एक धागा सुटलेला,
म्हणून मालकानं विकला नाही, ह्यांना दिला.
माग भंगारात गेला.
टॉवेल अजून पाणी टिपतो.

आफरीन वन, टू, थ्री म्हणते.
मला तसं जमत नाही.
ओकटी, रेंडू, मूडू,
आईनं शिकवलेल्या आकड्यांत दुखणं जरा कमी असतं.
आरू म्हणताना दात आवळतात,
एनिमिदीला समोरची भिंत हलते,
तोंडातल्या तोंडात पोरीला दोन शिव्या देते,
पदी आल्यावर परत घेते.

ओढायचं काय मावशी, ती म्हणते,
ओढायला सगळ्यांनाच येतं.
सोडताना सावकाश.
रबर तुम्हाला फरफटत नेईल, जाऊ नका,
एकेक बोट जागा द्या त्याला.
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं,
की हात परत येतो त्यालाही काम म्हणतात
आणि त्याची मजुरी खांद्यातच जमा होते.

वैशाखात वरचा पत्रा तापला, रबर चिरायला लागलं.
एका संध्याकाळी सातव्या ओढीला तुटलं.
गालावर वळ.
हे उठले. दोन्ही टोकं चिमटीत धरली
आणि तुटल्या धाग्याला मारायचे तशी गाठ मारली,
न बघता, क्षणात.
ओढलं. निसटली.
पुन्हा मारली. पुन्हा.
रबर धाग्याचं ऐकतं होय?
बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले.
मी चहा टाकला.

आता लाल आहे. पिवळ्याच्या वरचं.
तान्ह्या पोरासारखी त्याला पावडर लावते,
डब्यात घालून माठाशेजारी ठेवते.
हात कानापर्यंत जातो. मागे नाही.
अंबाडा अजून श्रावणीच घालून देते,
फार घट्ट घालते, कामावर जायची घाई असते तिला.
काल फळीवरचा शेंगाचटणीचा डबा
मीच काढला. भाकरी अर्धी संपल्यावर आठवलं,
की उजव्या हातानं.

रात्री लाईट गेली, पंखा थांबला, जाग आली.
खिडकीशी हे उभे.
टॉवेल नाही, कोपर हवेत, सगळंच चुकीचं,
दातओठ खाऊन ओढायचं
आणि हातातून सोडूनच द्यायचं,
फट्‌. गजावर रबर.
पुन्हा फट्‌,
धोटा एका टोकाला जाऊन आपटावा तसं.
मी पडून राहिले, मोजत राहिले, कशाला बोला.
अठ्ठाविसाव्याला राहवेना.

सावकाश, म्हटलं अंधारातून. सोडताना.

ते काही बोलले नाहीत.
थोड्या वेळानं वाळणाच्या दोरीवर
हात फिरल्याचा आवाज आला,
टॉवेल चाचपत असावेत.